आईचं साडेपाच

चौतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दुकानात शिरायचं, पेटीतून पितळी वजनं काढायची, दुकानदाराच्या तराजूवर एकेक ठेवायची आणि काटा केसभर जरी चुकीचा हलला तरी एक भुवई वर उचलायची. बोलायची वेळ सहसा आलीच नाही. भुवईवर भागायचं. माझ्या हद्दीत एकही किलो हजार ग्रॅमांच्या खाली गेला नाही, असं निरोप समारंभात साहेब म्हणाले. साहेब भाषणात हमखास खोटं बोलायचे, पण तेवढं वाक्य खरं होतं.

आता इतका काटेकोर माणूस घरी काय करतो? घरी तो स्वतःचा एक काटा बसवतो आणि त्याची तपासणी जन्मात करत नाही.

त्याचं असं झालं. लेक सहा वर्षांची असताना सायकलवरून पडली आणि गुडघा फोडून घरी आली. रडून नुसता आकांत. मी विचारलं, "ठकू, एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

"दहा!"

"दहा म्हणजे माणूस मेला. मेलेली माणसं एवढी ओरडत नाहीत. पुन्हा मोज."

तिने हुंदका आवरला, गुडघ्याकडे नीट बघितलं. "तीन."

"तीन आत्ताच वापरलेस तर उद्या हात मोडल्यावर काय सांगशील?"

शेवटी दीडवर तडजोड झाली आणि ती रडता रडता हसली. मी स्वतःवर खूष. काय बाप आहे मी, असं वाटलं.

तेव्हापासून घरात ती पट्टी पडली. किडलेली दाढ, दोन. बायकोच्या हातावर उकळतं तेल उडालं, तेव्हा सव्वादोन. "पाव कशाचा?" मी विचारलं. "फोड आलाय, त्याचा," ती म्हणाली. माझी कंबर धरली तेव्हा मी चार मागितले, तर मायलेकींनी पलंगाशेजारीच सुनावणी घेऊन मला अडीचवर आणलं. पाहुणे हसायचे. आम्हीही हसायचो. दुखणारा माणूस आकडा सांगताना जरा विसरायचा, हे खोटं नाही.

मग बायकोचं शेवटचं आजारपण आलं. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "साडेपाच." मी आणि लेक एकमेकांकडे बघतच राहिलो. आमच्या घरात पाचाच्या वर कुणी गेलंच नव्हतं. चार दिवसांनी ती गेली. नंतर कुणी तसं ठरवलं नाही, पण साडेपाच हा आकडा तिचा झाला. तिच्या खुर्चीवर जसं कुणी बसत नाही, तसा.

दोन वर्षांपूर्वी लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. सकाळी नर्स कागद घेऊन आली. "ताई, एक ते दहा, किती दुखतंय?"

लेकीने खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरलेला. ओठ चावून चावून रक्ताळलेला. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी, चौतीस वर्षांची सवय, भुवई उचलली.

"पाच," ती म्हणाली. मग नर्सला म्हणाली, "पण आमच्याकडचे पाच जरा महाग असतात हं."

नर्स हसली. "हसतमुख आहे हो तुमची मुलगी," मला म्हणाली, आणि तसं लिहूनही टाकलं.

त्या वॉर्डात सात बायका होत्या आणि बाळाचे ठोके बघायचं यंत्र एकच. ते आठवाल्या आणि नऊवाल्या बायकांकडे फिरत राहिलं. बरोबरच आहे, मीही तसंच फिरवलं असतं. दिवसभरात लेकीला चारदा विचारलं, चारदा ती पाच म्हणाली. मी शेजारी स्टुलावर बसून होतो. मला अभिमान वाटत होता. संध्याकाळी यंत्र एकदाचं तिच्या खाटेशी आलं, तेव्हा नर्सच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि सगळे पळायला लागले.

चिमटे लावून काढलेली माझी नात अडतीस तास जगली. काचेच्या पेटीत हात घालून मी तिच्या मुठीजवळ बोट नेलं, तर तिने ते धरलं. माझी आणि तिची ओळख तेवढीच.

आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते, चौतिसावा आठवडा लागला होता. तिने फोन केला. "बाबा, यावेळी मी बाळाला दारातून आणणारच नाहीये. सरळ खिडकी पाडून घेणार आहे. आधीच तारीख ठरवून ऑपरेशन."

मी हसलो.

"हसू नका," ती म्हणाली.

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच कुणी बोललं. पुढे म्हणाली की तीन आठवडे ती धड झोपलेली नाही. डोळा लागला की तो लोखंडी दांडा हातात येतो. तिला डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं. मी सोबत येईन का?

"जावईबापू?"

"येतील फाटकापर्यंत."

जावईबापू क्रेन चालवतात. पंधरा मजले उंच काचेच्या डब्यात बसून पोळीचा डबा खातात. पण त्या इस्पितळाच्या दारातून त्यांना आत जाववत नाही. त्यामुळे त्या सकाळी ते फाटकाबाहेर तिची पिशवी छातीशी धरून उभे राहिले आणि मी आत गेलो. जिन्यात लेकीने मला अट घातली, "बोलायचं नाही. आणि भुवईसुद्धा नाही."

"भुवईचं मी कसं सांगू? ती आपोआप..."

"बाबा."

"नाही उचलत."

जिना चढताना ती पुटपुटत होती. शाळेत कविता पाठ करायची तशी, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. 'मला कळा द्यायच्या नाहीत, मला ऑपरेशन हवंय.'

डॉक्टरीणबाई तरुण, इथे नव्या, बोलायला मऊ. टेबलावर प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा आणि त्याच्या पोकळीत दोन पेनं उभी केलेली. कोपऱ्यात वजनकाटा. रिकामाच होता, तरी काटा शून्याच्या अलीकडे दोन घरं. मी तोंड मिटून बसलो. वचन म्हणजे वचन.

"मागची फाइल वाचली मी," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं."

"हो," लेक म्हणाली.

"तरी दोन्ही बाजू सांगते. ऑपरेशन म्हणजे पोटावरची मोठी शस्त्रक्रिया. रक्त जास्त जातं. जखम भरायला सहा आठवडे धरा. पुढे पुन्हा दिवस राहिले तर वार भलत्या जागी चिकटू शकते. यावेळी बाळाचं डोकं खाली आहे, वाढ चांगली आहे. आणि यंत्र आता प्रत्येक खाटेला आहे. तेव्हा नॉर्मलचा प्रयत्न करून बघायला हरकत दिसत नाही." त्यांनी पान उलटलं. "शिवाय तुम्ही कळा छान सोसल्यात. चारही वेळा पाच. 'रुग्ण हसतमुख' असंही लिहिलंय."

आता सांग, मी मनात म्हणालो. आता.

"हो ना," लेक म्हणाली. "त्या वॉर्डाची करमणूक मीच होते."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांचं पेन कागदाकडे निघालं. मी टेबलाखाली बघितलं. लेकीने खुर्चीची कड पकडलेली, बोटांची पेरं पांढरीफटक. तो दांडा असाच धरला होता तिने. जिन्यात पाठ केलेलं वाक्य बाहेर येत नव्हतं आणि का येत नव्हतं ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. तिच्या शेजारी मी बसलो होतो.

"डॉक्टर, ते पाच खोटे आहेत," मी म्हणालो.

"बाबा!"

"थांब ठकू. डॉक्टर, मी वजनमापं खात्यात होतो. खोटा काटा मला कळतो. आमच्या घरातला काटा खोटा आहे आणि तो मी बसवलाय. आमच्याकडे दहा म्हणजे मेलेला माणूस. साडेपाच म्हणजे हिची आई, जायच्या चार दिवस आधी. ही पाच म्हणाली. मी शेजारी बसलो होतो आणि मी गप्प बसलो."

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघितलं. "मग इथल्या पट्टीवर किती होतं?"

"त्या नर्सताईंची काही चूक नाही हो," लेक घाईघाईने म्हणाली. "मी चष्म्याच्या दुकानात असते, नंबर काढायला. गिऱ्हाईक म्हणालं, आता स्पष्ट दिसतंय, की मी लिहून टाकते. त्याच्या डोळ्यात शिरून मी कसं बघणार?"

"मी नर्सचं नाही विचारलं. तुमचं विचारतेय."

लेकीने माझ्याकडे बघितलं. तेच बघणं. सायकलवरून पडलेलं, दांडा धरलेलं. मी हात उचलला आणि स्वतःचं कपाळ झाकलं, भुवयांसकट.

"आईच्या वर गेलीस तरी चालेल गं," मी तळव्याआडून म्हणालो.

तिने खुर्चीची कड सोडली.

"नऊ," ती म्हणाली. मग अगदी हळू, हिशेब नीट लावल्यासारखं, "नऊच. दहा तिचे."

कुणाचे, ते डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही. ते अडतीस तास फाइलमध्ये होतेच. त्यांनी जुन्या आकड्यांवर रेघ मारली नाही, खाली नवीन ओळ लिहिली. उलटी अक्षरं वाचायची मला खात्याची सवय आहे. 'नऊ' असं लिहिलं होतं.

"ऑपरेशन हवंय?"

"हवंय. त्या खाटेवर पडून, आता काय सांगू, असा विचार मला पुन्हा करायचा नाही."

"ठीक आहे. एकोणचाळिसाव्या आठवड्यातली तारीख देते. मधे मन बदललं तर तेही सांगायला या. तारीख खोडता येते."

"आणि आधीच कळा सुरू झाल्या तर?"

"तर दारातच हा कागद दाखवायचा. कुणी विचारलं तर आकडा सांगायचा. इथला. घरचा नाही."

बाहेर व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. मी पाणी आणून दिलं. तिने कागदाची घडी केली, उलगडली, तारीख पुन्हा वाचली, पुन्हा घडी केली. मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला बोलेल. बोलायला हवं होतं. मी तयार होतो.

"बाबा, शेवटच्या दिवसांत आईला बघायला डॉक्टर घरी आले होते ना?"

"आले होते."

"त्यांनी विचारलं असेल. एक ते दहा."

"विचारलं होतं."

"मग काय म्हणाली ती?"

समोरच्या भिंतीवर बाळाला कसं धरावं याचं चित्र होतं. मी ते लक्षपूर्वक बघितलं. "साडेपाच."

"आणि डॉक्टर?"

"म्हणाले, बरं चाललंय. आहे तीच गोळी चालू ठेवा."

ती पोटावर हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईचं साडेपाच म्हणजे खरं किती होतं हो?"

चौतीस वर्षं मी लोकांच्या दुकानांत शिरून खरं किती ते सांगत आलो. निवृत्त होताना एकूण एक पितळी वजन खात्यात परत केलं आणि पावती घेतली. ती पावती अजून कपाटात आहे. पण त्या दुपारी तिने भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि मी पलंगाच्या या बाजूला उभा राहून मनात म्हणालो होतो, अरे वा, नवा उच्चांक.

लेकीने उत्तराची वाट बघितली नाही. उठली, कागद ओढणीखाली धरला. खिडकीतून खाली फाटक दिसत होतं. जावईबापू मान वर करून एकेक खिडकी शोधत होते. तिने कागद हलवून दाखवला तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चला बाबा. ते बिचारे उभे आहेत."

मी उठायला गेलो आणि पुन्हा बसलो.

"काय झालं? दुखतंय का?"

"जरा."

ती परत आली. पोट सांभाळत, कष्टाने माझ्या शेजारी टेकली.

"किती?" तिने विचारलं.

एक, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं. आणि मग मी खरोखरच मोजायला लागलो. बराच वेळ लागत होता. खाली तिचा नवरा उभा होता, तरी तिने घाई केली नाही.