जाड चोच

पक्षीमित्र मंडळात त्याला सगळे ‘पिशवी’ म्हणत. काटेरी झुडपावर बसलेला दुर्मीळ पांढरा बगळा त्याने सगळ्यांना तासभर दाखवला होता. मग वारा सुटला आणि बगळ्याचे दोन्ही बंद फडफडले. तेव्हापासून चिटणीसांनी नियमच केला: पिशवीच्या नोंदीला दुसरा साक्षीदार हवा.

आज साक्षीदार म्हणून हाताशी होत्या फक्त सासूबाई. त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेताना ‘एकच मिनिट हं’ म्हणत त्याने गाडी सांडपाण्याच्या तळ्यांकडे वळवली होती. आणि तिथे, फेसाळ पाण्यावर, साळुंकीहून लहान असा एक करडा-पांढरा पक्षी स्वतःभोवती गरागरा फिरत होता.

त्याने गाडीतून तिपाई काढून तिच्यावर दुर्बीण चढवली. अशा गिरक्या घेत चरणारे पक्षी भर समुद्रातले. इथे त्यांचं काय काम? त्यांतला बारीक चोचीचा कधीमधी वाट चुकतो. जाड चोचीचा मात्र इथे कोणी बापजन्मात पाहिला नव्हता. त्याने चिटणीसांना फोन लावला आणि श्वास न घेता सांगून टाकलं, “जाड चोच!”

“साक्षीदार?”

“आहेत ना. सासूबाई.”

“नात्यातले चालत नाहीत.”

सासूबाईंनी फोन काढून घेतला. “नातं असेल हो. पण लग्न झाल्यापासून यांचं एकही म्हणणं मी मान्य केलेलं नाही. मुलीला विचारा.”

इतका निःपक्षपाती साक्षीदार मंडळाला आजवर मिळाला नव्हता. “बघा मग,” चिटणीस म्हणाले.

फोन त्याच्या हाती परत देऊन सासूबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि दुर्बीण त्यांची झाली. तो त्यांच्याभोवती येरझाऱ्या घालू लागला. पक्षी कुठल्याही क्षणी उडेल.

“आई, जरा मला—”

“थांबा हो जावईबापू! याचं काहीतरी हरवलंय. सारखा गोल फिरून शोधतोय बिचारा.”

“चोच कशी आहे?” फोनमधून आवाज आला.

“सुई. दोरा ओवून घ्या.”

“आई, नीट बघा, जाड आहे!”

“जाड तुमची मान. मधे येतेय, बाजूला घ्या.”

तेवढ्यात काठावरचा पंप घरघरला आणि पक्षी भुर्रकन गेला.

“पिशवी,” चिटणीस हळूच म्हणाले, “जाड असेल तर सगळं मंडळ आत्ता निघतं. वयस्कर डोळे चुकतात कधी. तू ठाम असशील तर तुझाच शब्द धरतो. आणि ते नावही आजपासून बंद.”

त्याने फोन या कानाचा त्या कानाला लावला. गिरक्या त्याने पाहिल्या होत्या. त्यानंतर थेट दिसलं होतं ते मंडळाचं हार घेऊन उभं राहणं. चोच त्याने मधल्या मधे बसवून टाकली होती.

“बारीक,” तो म्हणाला. “मी पाहिलीच नव्हती. आईंनी पाहिली.”

“मग नोंद त्यांच्या नावावर.” फोन बंद.

“म्हणजे मी जिंकले?”

“हो.”

“मिळणार काय?”

“काही नाही.”

“मग एवढी तडफड कशाला?”

पलीकडच्या तळ्यावर पुन्हा काहीतरी गरगरलं. तिपाईसकट दुर्बीण खांद्यावर टाकून तो तिकडे सुटला होता आणि मागून सासूबाई चपला हातात घेऊन ओरडत होत्या, “अहो, आधी मी बघणार!”