क्रौंचाचा झगा

"या गं बायांनो, या! कोण मागं राहिलीय? तू का रुसलीस?"

हा माझ्या आईचा आवाज. तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात घेताना ती असं बोलायची. वाफ्यातल्या भेंडीशी बोलायची, चुलीवर रटरटणाऱ्या गंबोच्या कालवणाशी बोलायची, गळक्या छपराला दटावायची. आमच्या दक्षिण लुइझियानात माणसं तशी बोलकीच, पण आई गेली तेव्हा पापा म्हणाले, "घरच काय, तळंसुद्धा मुकं झालं."

आणि तिची लेक मी, ओडेली. माझं कामच गप्प राहण्याचं.

दलदलीच्या काठी पांढऱ्या क्रौंचांची पोरकी पिल्लं वाढवतात, तिथं मी असते. पिल्लाजवळ जायचं तर अंगभर पांढरा झगा घालायचा, तोंडावर जाळी ओढायची आणि एका हातात क्रौंचाच्या मुंडक्याची बाहुली चढवायची. तिला लांब चोच, माथ्यावर लाल टिळा. खिशातल्या डबीतून क्रौंचमातेची हलकी गुरगुर वाजत राहते. आपण मात्र ब्र काढायचा नाही. ज्या पिल्लाला माणसाचा आवाज आईचा वाटला, ते मोठं होऊन माणसांमागेच जातं. अंगणात जातं, हमरस्त्यावर जातं, बंदुकीच्या टप्प्यात जाऊन उभं राहतं.

एका वर्षी पापांच्याच झिंग्यांच्या तळ्यात क्रौंचांच्या एका जोडीनं घरटं केलं होतं. वादळात दोघंही विजेच्या तारांवर आदळून मेली. पापांनी फोन करून कळवलं, आणि आमची गाडी पोचेपर्यंत ते मागं राहिलेलं एकुलतं अंडं टोपीत घेऊन, पोटाशी धरून बसले. आतून टकटक चालली होती.

"कुणीतरी दार वाजवतंय गं," मला पाहून ते म्हणाले. "लवकर ने. उघडायला कुणी नाही असं वाटायचं त्याला."

पिल्लू बाहेर आलं ते ओलं, दालचिनीच्या रंगाचं, नुसते पायच पाय. मादी होती. मान उचलायची, पडायची, पुन्हा उचलायची. बाहुलीच्या चोचीत झिंग्याचा तुकडा धरून मी समोर बसले. खाईना. 'खा गं माझे बाई' एवढं जिभेवर आलेलं मी गिळून टाकलं. बऱ्याच वेळानं तिनं लाल टिळ्याकडे टक लावून पाहिलं, चोचीला चोच भिडवली आणि घास घेतला. जाळीच्या आत माझं तोंड ओलं झालं होतं.

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते धुक्यात कळायचं नाही. झगा पांढरा, धुकं पांढरं. माझी बाही कुठं संपते तेही मला दिसायचं नाही. मी पुढे, ती मागे. मी पाण्यात चोच बुडवायची, तिनं बुडवायची. मी थांबले की ती माझ्या झग्याच्या घोळात शिरून उभ्याउभ्या डुलकी काढायची, आणि तिचं काळीज माझ्या पोटरीवर धडधडायचं. त्या धडधडीवर माझ्या मनात आपोआप ओळी जुळायच्या:

पाण्यात उमटे पाय, पायामागे पाय,
हाक न मारता गं, कुणी होतं का माय?

ओठ न हलवता मी त्या म्हणायची. ती झोपेत मान हलवायची. कुणास ठाऊक कशानं.

"जरा जास्तच झोपवतेस तिला," आमची मुख्य वर्ना त्राहान मला बाजूला घेऊन म्हणाली.

"मी कुठं? तीच झोपते. मी नुसती उभी असते."

"राहा उभी. पण ती जाईल तेव्हा माझ्या खांद्यावर नाक पुसायला येऊ नकोस."

घरी पापा ताट पुढे ओढून विचारायचे, "काय म्हणतेय तुझी लेक?"

"लेक नाही, पापा. तिला नावसुद्धा नाही. नंबर आहे."

"नंबर माझ्या होडीलाही आहे. म्हणून मी काय तिच्याशी बोलत नाही?"

"होडीला उडून जायचं नसतं."

"तिला तर वल्हवलं तरी जायचं नसतं!" ते हसले आणि माझ्याकडे बघत राहिले. "झगा तिथं काढून येतेस पोरी, जाळी मात्र तोंडावरच. इथं पिल्लू नाही. भात वाढ आणि बोल काहीतरी."

"बोलायला लागले तर थांबता येणार नाही, पापा."

त्यांनी गंबोचा टोप माझ्याकडे सरकवला.

थंडीच्या तोंडावर ती पांढरी झाली. पाठीवर दालचिनीचे चार डाग तेवढे उरले. पलीकडच्या भाताच्या खाचरात रानातले दोन क्रौंच उतरू लागले, तेव्हा वर्नानं कुंपण उघडलं. पापा आणि वर्ना वेताच्या आडोशामागे बसले. मी झग्यात, गुडघाभर पाण्यात.

ती चालत गेली. क्रौंचांनी मान वर केली, हाकललं नाही. माझा श्वास सुटला. आणि तेवढ्यात ती मागं वळली.

लांब लांब ढांगा टाकत ती परत आली, बाहुलीच्या चोचीला चोच लावली आणि झग्याच्या घोळात मान घातली. पलीकडचे दोघे पंख झाडत होते. ते उडाले असते तर ती माझ्यापाशीच राहिली असती. आज पिंजऱ्यात, पुढेही पिंजऱ्यात.

आडोशामागून वर्नाचा हात वर आला आणि स्वतःच्या डोक्यावरून मागं फिरला: जाळी काढ. असं झालं तर काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं: माणूस व्हायचं आणि भेडसावून पळवायचं.

मी बाहुली पाण्यात टाकली. जाळी ओढून काढली.

ती थिजली. पिकलेले केस, लाल झालेलं नाक, दोन डोळे; असलं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मान ताणून ती मला न्याहाळत राहिली. पळाली नाही.

मग मी हात फेकत तिच्या अंगावर धावले, पाणी उडवत, घसा फोडत.

"जा! जा इथून! मीच होते ती! त्या झग्यात मीच होते गं!"

ती दचकली, पळत सुटली, पंख उघडले, पाय पाण्यावर आपटत आपटत सुटे झाले. पलीकडचे दोघेही उठले. तिघं आभाळात एका रांगेत लागली, आणि मी अजून ओरडतच होते, अंगात होता नव्हता तेवढ्या आवाजानं:

"माझी आहेस तू! माझी लेक आहेस!"