खांबातला रंग

ओपल नावाचं रंगीत रत्न खणून काढणारं आमचं गाव; उन्हाळ्यात दिवसा उकाड्यानं जमिनीवर कोणी थांबत नाही. शनिवारचा इंग्रजीचा वर्गही थानासिसकाकांच्या भुयारी घरातच भरायचा. काका मूळचे ग्रीक, सारा जन्म खाणीत गेलेला. परदेशातून नव्यानं आलेल्या मुलांना ते एका वेळी एकच शब्द शिकवत. त्या दिवशीचा शब्द होता ‘केव्ह इन’.

“पडणं वेगळं आणि हे वेगळं,” काका म्हणाले. “झाड पडतं, पण ते केव्ह इन होत नाही. केव्ह इन व्हायला आत पोकळी लागते. वरचं सगळं त्या पोकळीत ढासळलं की मग हा शब्द वापरायचा. बोगद्याला, भुयाराला, खाणीच्या छताला.”

त्यांनी कुदळीच्या दांड्यानं वर ठोकलं. टणक आवाज आला.

“हा घट्ट दगड. ढोलासारखा आवाज आला तर पळायचं. हं, आता वाक्यं करा.”

“माझ्या बाबांच्या खाणीचं छत ढोलासारखं वाजतं,” नेवेन्का म्हणाली.

“ए, यात शब्द कुठाय?” मागून कोणीतरी ओरडलं. मुलं हसली.

काका हसले नाहीत. “कधीपासून गं?”

“बाबा खांब कापायला लागले तेव्हापासून. खांबात रंग दिसलाय.”

खणताना छताच्या आधाराला मधे मधे दगडाचे खांब सोडायचे, हा इथला पहिला धडा. पण खांबातच ओपलची रेघ चमकली की भल्याभल्यांना हात आवरत नाही. नेवेन्काचा बाप झ्वोंको तर कित्येक महिने नुसती मातीच उपसत होता.

काकांनी मुलांना घरी पाठवलं आणि ते शिडीनं झ्वोंकोच्या खाणीत उतरले. खांब मध्यावर खाल्लेल्या सफरचंदासारखा झाला होता.

“काय काका, वाट चुकलात?”

“छत ठोकून पाहिलंस?”

“पाहिलं. वाजतंय. वाजू दे. संध्याकाळपर्यंत काढून होईल. हे बघा तरी! हिरवा, मधे लाल!”

काकांनी पाहिलं. रंग खरोखर देखणा होता. मग ते खांबाला टेकून खाली बसले.

“अहो, उठा! वरून आलं म्हणजे?”

“संध्याकाळपर्यंत टिकतंय ना? खण तू.”

“तुमचं काय जातंय! तुमचं जगून झालंय. मला पोर आहे घरी.”

“तिनंच सांगितलं मला, छत वाजतंय म्हणून.”

झ्वोंकोनं रागानं एक घाव घातला. चिमूटभर माती काकांच्या टोपीवर पडली. ती त्यांनी झटकली नाही. झ्वोंकोनं पुन्हा कुदळ उचलली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

“चला वर,” तो शेवटी म्हणाला. “हट्टी बोकड आहात नुसते.”

ते छत अजून ढासळलेलं नाही. क्लबात चार माणसं जमली की झ्वोंको काकांना सुनावतो, “तुमच्यापायी माझा हिरवा-लाल आत राहिला.”

“शिडी तिथंच आहे. जा, काढ,” काका म्हणतात.

झ्वोंको जात नाही. पलीकडे त्यानं नवी खाण धरली आहे. तिथं खांबच इतके जाड सोडलेत, की खणायला जागा कुठे उरली, असं लोक विचारतात.