भुरीच्या शेपटीचे केस

"हे काय उचलून आणलं वं?"

"दिसून नाही राहिलं का? कुत्र्याचं पिल्लू होय."

"ते दिसून राहिलं. काहून आणलं ते विचारून राहिलो."

माहेराहून एस.टी.नं तीन तास उभ्यानं येऊन रुखमाबाईच्या पायांचे तुकडे पडले होते. वाटेत कंडक्टरनं पिल्लाचं हाफ तिकीट मागून सगळ्या गाडीला हसवलं होतं, त्याचा राग अजून नाकावर होता. तिनं कापडी पिशवी ओसरीवर ठेवली, पिशवीतून बाहेर आलेलं इवलंसं भुरं डोकं पदरानं पुसलं आणि आधी स्वतः तांब्याभर पाणी प्यायली.

तिचे यजमान चंपतराव तसे घरी सापडण्यातले नव्हते. तंबाखू संपला म्हणून आले होते, म्हणून भेट झाली. दोन वर्षांपासून त्यांचा मुक्काम बागेतल्या झोपडीत होता. काटोलकडच्या त्या पट्ट्यात कोळशीचा रोग पडला आणि संत्र्याच्या पानांवर चुलीच्या वरच्या भिंतीसारखी काजळी चढली. झाडं वाळली असती तर माणूस एकदाचा रडून मोकळा झाला असता. ही झाडं उभी होती आणि काळी होती. चंपतराव सकाळी एक पान तोडत, अंगठ्यानं घासत, अंगठा धोतराला पुसत आणि दिवसभर तसेच बसून राहत. बोलणं बंद झालं होतं. रुखमाबाई भाकर घेऊन गेली की खात, नाही गेली तर मागत नसत. एकुलती एक लेक शामला लग्न होऊन खापरखेड्याला गेलेली. घरात बोलायला उरल्या भिंती, आणि रुखमाबाईचा स्वभाव भिंतींशी बोलणाऱ्यातला नव्हता.

म्हणून तिनं भाऊ गोविंदाच्या अंगणातून हे पिल्लू उचललं होतं. तिचा हिशेब सरळ होता. बागेत राखणीला कुत्रा राहिला की माणसाला तिथं पडून राहायला निमित्त उरणार नाही. नवरा घरी येईल, दोन घास गरम खाईल, चार शब्द बोलेल. एवढंच तिला हवं होतं.

"तुमच्या बागेच्या राखणीसाठी आणला," ती शेवटी म्हणाली. "गोविंदानं निवडून देला. म्हणे बाई, ह्या सगळ्यायत हाच तिखट आहे. मोठा झाला म्हंजे वाघासारखा होईन."

चंपतरावांनी पिल्लाला मानगुटीला धरून वर उचललं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. रुखमाबाईला वाटलं, माणूस आता रडतो की काय.

"अवं," ते म्हणाले, "हा वाघ नोहे. वाघीण होय."

"आं?"

"कुत्री होय वं हे! पाह्यलं नाही का तू घेताना?"

"गोविंदा म्हणे कुत्रा..."

"गोविंदाले बैल न् गाय तरी ओळखू येते का?"

आणि चंपतराव हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग पिल्लाला मांडीवर घेऊन डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शेजारचा शालिकराम कुडावरून डोकावला की काकाला काय झालं. गावात कुत्री कोणी पाळत नाही, पिल्लांचं लेंढार कोण सांभाळणार? रुखमाबाई एरवी दुसऱ्याच दिवशी तिला परत करून आली असती. पण दोन वर्षांनी तिच्या ओसरीवर माणूस हसला होता. ती म्हणाली, "राहू द्या. आणली तं आणली."

त्या रात्री चंपतराव घरी जेवले. पिल्लाचं नाव भुरी ठरलं, म्हणजे काही ठरवावं लागलं नाही, रंगच तो होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरात घेण्याचं राहिलेलं काम झालं. त्या गावात कुत्रं घरचं करायचं म्हणजे बाईनं त्याला ओवाळायचं, चुलीभोवती फिरवायचं, पहिली भाकर हातानं चारायची आणि शेपटीचे चार केस उपटून उंबऱ्याखाली पुरायचे. केस जिथं पुरले तिथलं ते जनावर. मग ते कुठं भटकत नाही. रुखमाबाईनं कुंकू लावलं तर भुरीनं ते चाटायला जीभ कपाळापर्यंत पोचते का पाहिलं. दिव्याकडे बघून शिंकली. भाकरीबरोबर रुखमाबाईचं बोटही चघळलं. चंपतराव बाजूला बसून सूचना देत होते. माणसाला सूचना सुचताहेत हे पाहूनच रुखमाबाईला भरून आलं.

केस उपटले तेव्हा भुरी केकाटली. रुखमाबाई खुरपी घेऊन उंबऱ्याशी बसली.

"तिथं काहून पुरून राहिली?" चंपतराव म्हणाले. "राखण कोनाची? बागेची का उंबऱ्याची?"

"कुत्रं घरचं असते. घरातच पुरतेत."

"मंग ते घरीच बसन ना दिवसभर! आन इकडं."

केसांची ती चिमूट त्यांनी तिच्या हातातून घेतली, भुरीला बगलेत मारलं आणि बागेकडे निघाले. रुखमाबाई मागून गेली. विहिरीकडच्या ओळीत एका झाडाच्या बुडाशी त्यांनी वीतभर खड्डा केला, केस टाकले, माती लोटून वरून पाय दिला. तिच्या मनाला ते पटलं नव्हतं. पण माणूस इतक्या दिवसांनी उत्साहानं काही करत होता, त्याला अडवायचं तिच्या जिवावर आलं. ती गप्प बसली, आणि गप्प बसली हीच तिची चूक झाली.

पुढचे आठ-नऊ महिने मात्र कोणालाही हेवा वाटावा असे गेले. चंपतराव सकाळी भुरीला घेऊन बागेत जात आणि दिवस मावळायच्या आत तिला घेऊन घरी येत. वाटेनं तिच्याशी बोलत. घरी आल्यावर ती काय बोलली तेही रुखमाबाईला सांगत. एक दिवस धुतलेलं धोतर नेसून ते नागपूरला गेले. रुखमाबाईला वाटलं, औषध आणायला गेले असतील. संध्याकाळी आले ते सीताबर्डीहून घुंगरांचा लाल पट्टा घेऊन.

"अन् फवाऱ्याचं औषध?"

"तेबी आनलं. पन हे पाह्य. दुकानदार म्हने साहेब लोकांच्या कुत्र्यायले देतो. म्या म्हटलं, आमची मेमसाहेब आहे."

औषधही आणलं होतं ते खरंच. त्यांनी एकेका झाडाला फवारा मारला, पानं धुऊन काढली. माघात बाग फुलली, थोडी फुलली, पण फुलली. चंपतरावांनी भुरीला शिकवायला सुरुवात केली. झाडाला कोणी हात लावला की भुंकायचं, ढोर घुसलं की हाकलायचं, माणूस असेल तर धोतराचा सोगा धरून ठेवायचा. शालिकरामला ते मुद्दाम बोलावत आणि फांदी धरायला लावत. बिचाऱ्याची दोन धोतरं त्यात गेली.

"काका, शिकली आता ते," शालिकराम म्हणे. "मले मोकळं करा."

"एक बार अजून धर. आता पाह्य कशी येते."

दिवस मावळला की बागेचा फेरा. विहिरीपासून सुरू करून एकेका ओळीतून जायचं, धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या बांधापर्यंत, आणि परत. पुढे भुरी, मागे चंपतराव.

पाऊस सरता सरता कोळशी परत आली. आधी विहिरीकडची चार झाडं, मग ओळ, मग बाग. दसऱ्याला फळं सुपारीएवढी होती, काळी होती आणि गळत होती. भुरी गळलेलं फळ तोंडात धरून आणून चंपतरावांच्या पायाशी ठेवी आणि शाबासकीसाठी शेपटी हलवी. ते तिला शाबासकी देत. तिची त्यात काय चूक होती?

आजूबाजूच्या सगळ्यांनी बागा तोडल्या. तुमची बाग ठेवली तर आमच्या कापसात ही बला येईल, असं लोक म्हणायला लागले, आणि एक दिवस चंपतरावांनीच लाकूडतोड्या नत्थूला निरोप पाठवला.

नत्थू चार माणसं घेऊन आला. पहिल्या झाडावर कुऱ्हाड पडली आणि भुरी सुटली. तिनं बरोबर शिकवल्याप्रमाणं केलं. भुंकली, धावून गेली, आणि नत्थूच्या धोतराचा सोगा धरून मागं ओढायला लागली. चावली नाही. फक्त ओढत राहिली.

"काका, आवरा हिले! नाहीतर कुऱ्हाड घालीन मी!"

"भुरे! सोड! सोड म्हनतो ना!"

सोड हे तिला शिकवायचंच राहून गेलं होतं. चंपतरावांनी तुटलेली फांदी उचलली आणि तिच्या पाठीत घातली. मग आणखी एक. मग तिसरी. तिनं धोतर सोडलं, पळाली मात्र नाही. तिथंच बसून त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी तिला ओढत नेऊन झोपडीला बांधलं. तीन दिवस तोड चालली, तीन दिवस ती दोरीला झटके देत भुंकत होती. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. रुखमाबाईनं भाकर नेली ती तिघांनीही खाल्ली नाही.

लाकडं बैलबंड्यांत भरून गेली. काही ओंडके कोणाला नको म्हणून तिथंच पडून राहिले. पाच एकरांत नुसती खोडं उरली. भुरीला सोडलं. रुखमाबाईला वाटलं, चला, संपलं एकदाचं, आता दोघं घरी येतील.

भुरी घरी आली नाही. दिवस मावळताना ती विहिरीपासून निघाली, एकेका ओळीतून गेली, प्रत्येक खोड हुंगलं, धुऱ्यापर्यंत जाऊन परत आली आणि झोपडीसमोर बसली. दुसऱ्या दिवशी तेच. उचलून घरी नेली तर दार उघडं दिसताच पळून बागेत. आणि ती बागेत म्हणून चंपतराव बागेत.

"अवो, ते जनावर आहे. तुमी तरी चला."

"तिले कसं सोडू? म्याच शिकोलं. अन् म्याच मारलं."

त्यानंतर त्यांनी बोलणं टाकलं.

शामलाचं पत्र आलं, ते शालिकरामनं वाचून दाखवलं. जावयाला वीजघराच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं होतं. आई-बाबांनी कायमचं यावं, दोन खोल्या आहेत, नळाचं पाणी आहे. फक्त क्वार्टर वरच्या माळ्यावर आहे, कुत्री आणू नये. रुखमाबाईनं बागेत जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, नळाचं पाणी दोनदा सांगितलं. चंपतरावांनी भुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही.

मग रुखमाबाईनं खुरपी घेतली. ते केस काढायचे आणि घरच्या उंबऱ्याखाली नेऊन पुरायचे, दुसरा इलाज तिला दिसत नव्हता. कुत्री घरी आली की तिच्यामागं माणूस येणार होता. विहिरीकडच्या ओळीत ती एका खोडाशी बसली आणि उकरायला लागली. तिथं काही नव्हतं. दुसऱ्या खोडाशी बसली. झाडं उभी असताना तिला ते झाड डोळे मिटून दाखवता आलं असतं. खोडं सगळी सारखी होती.

चंपतराव येऊन उभे राहिले. चार दिवसांनी तोंड उघडलं.

"काय हुडकून राहिली?"

"केस. तिचे."

ते हसले नाहीत. शेजारी बसले, तिच्या हातातून खुरपी घेतली आणि पलीकडच्या खोडाशी स्वतःच उकरायला लागले. भुरी उड्या मारत आली. तिला वाटलं खेळ आहे. तिनं पुढच्या दोन पायांनी माती उडवायला सुरुवात केली. बसक्या आवाजात भुंकली, शेपटी हलवली. तिघांनी मिळून सगळी ओळ उकरली. मुळ्या निघाल्या, हुमणीच्या अळ्या निघाल्या. एवढ्या दिवसांनी केस कुठून निघणार? काळी माती हाडंसुद्धा पचवते. हे रुखमाबाईला ठाऊक नव्हतं असं नाही, पण थांबलं तर पुढं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

"तू जाय घरी," चंपतराव शेवटी म्हणाले. "मी हिच्यापाशी थांबतो."

घरी जाताना रुखमाबाई वाटेनं रडली. नवऱ्याला घरी आणायला कुत्री आणली, आणि कुत्रीच नवरा घेऊन गेली. कोणाला सांगावं तर लोक हसतील.

सकाळी तिनं एक वाकळ, तवा, पिठाचा डबा आणि तांब्या बांधला. दाराला कुलूप लावलं. बागेत तीन दगडांची चूल मांडली. जळण शोधायला लागलं नाही, संत्र्याचे ओंडके पडलेच होते. आपल्या हातानं पाणी घातलेलं झाड चुलीत सारताना तिचा हात अडला, मग सारलं. पिठलं-भाकर केली. चंपतरावांनी अर्धी भाकर भुरीला दिली, अर्धी खाल्ली. सावलीला काही नव्हतं, तिघं झोपडीच्या भिंतीला टेकून बसली. ऊन तापायला लागलं होतं आणि चैत्र अजून पुढंच होता.

"मीठ नाही पिठल्यात," चंपतराव म्हणाले.

मीठ घरी राहिलं होतं. दुपारी रुखमाबाई ते आणायला गावात गेली. कुलूप काढलं, मिठाची बरणी घेतली. घरात थोडा वेळ उभी राहिली. मग खाली वाकून तिनं पाटा उचलला, डोक्यावर घेतला, वरवंटा कमरेवर घेतला आणि दार लावून निघाली.

शालिकराम कुडाशी उभा होता. बाई पाटा घेऊन निघाली हे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, पाटाबी नेऊन राहिल्या? मंग घरी काय राह्यलं?"

"कुलूप," रुखमाबाई म्हणाली, आणि पाटा जड होता म्हणून थांबली नाही.