उंदराखालचा पाट

मी एक जुना पाट आहे. फणसाच्या लाकडाचा. आणि मधोमध भोक पडलेला.

मित्रांनो, पाटाकडे सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. बरोबर आहे. वर कोणीतरी बसणार आणि आपण खाली गप्प राहायचं, एवढंच आमचं काम. ते करून मी दमलोय. पण यंदा जे झालं ते सांगून टाकतो, म्हणजे मोकळा होईन.

आमच्याकडे कोकणात, कसालला, जिथे गणपती बनवतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. आषाढात प्रत्येकाने आपापल्या घरचा पाट तिथे नेऊन द्यायचा, पाठीमागे नाव लिहून. मूर्ती त्याच पाटावर बनते. चतुर्थीला पाट घरी जातो, वर गणपती घेऊन.

माझ्या पाठीवर लाल ऑइलपेंटने मालकांचं नाव लिहिलंय, 'दत्तप्रसाद'. त्यांच्या वडिलांच्या परसात फणस पडला, तेव्हा त्यांनी मला करून घेतलं. पंधरा वर्षं मी त्यांच्याकडे गणपती वाहिला. एकदा निरांजन कलंडलं आणि माझा एक कोपरा जळला. बोराएवढा काळा डाग अजून आहे.

मग एका आषाढात मला शाळेत दिलं आणि श्रावणात त्यांचे म्हातारे वडील गेले. सुतक आलं. त्या वर्षी गणपती आणला नाही. दत्तप्रसाद बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन नोकरीसाठी पुण्याला गेले, घराला कुलूप लागलं. मला न्यायला कोणी आलं नाही.

शाळा भाईंची. भाई आणि त्यांची बायको कावेरीकाकी, दोघं मिळून चालवायचे. भाईंनी मला भिंतीला टेकवून ठेवलं. दर चतुर्थीला सगळे पाट निघून जायचे, मी तिथेच. अशी सहा वर्षं.

सहाव्या वर्षी ओमकार आला. तो मुंबईत टीव्हीसाठी मुलांचे कार्यक्रम करायचा, गणपतीला मामाकडे आलेला. मूर्ती सोडून मूर्तीपुढचा उंदीरच बघत बसला.

"भाई, असा उंदीर मला द्याल बनवून? आत हात घातला की तोंड उघडणारा, बोलणारा?"

"आमचो उंदीर मोदक खाता. बोलना नाय," भाई म्हणाले.

पण दिला बनवून. पहिलं डोकं मातीचं केलं. आत हात घालून दोन मिनिटं धरलं तर हात भरून आला. मग पेपरचा लगदा आणि चिंचोक्याची खळ. ते हलकं झालं. उंदीर मुंबईला गेला आणि पंधरा दिवसांनी फोन आला.

"भाई, उंदीर बोलतो सगळ्यांशी, पण बघतो छताकडे."

भाईंना कळेना. गणपतीचा उंदीर वरच बघतो, मोदकाकडे. तीस वर्षं त्यांनी तसेच डोळे काढलेले.

"मगे खंय बघूक व्हया तेना?"

"समोर बसलेल्या मुलाकडे."

उंदीर परत आला. भाईंनी काकींना समोर बसवलं. "तुझ्याकडे बघता काय सांग."

"बघता. पण चोरी करून इल्यासारखो."

चार वेळा डोळे पुसून पुन्हा काढले तेव्हा कुठे उंदीर सरळ बघायला लागला. आणि टीव्हीवाल्यांना अजून बाहुल्या हव्या झाल्या.

आता माझं. डोकं चारी बाजूंनी रंगवायचं तर ते एका सळईवर उभं लागतं. सळई ज्या फळीत रोवलेली ती फळी ऐन कामात फुटली. शूटिंगला चार दिवस राहिलेले. भाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि मला उचललं. हातात भोक पाडायचं गिरमिट.

"अवो, तो लोकांचो पाट आसा," काकी म्हणाल्या.

"सहा वर्सां झाली. इले तर नवो करून देतलंय."

दुखलं का, असं विचारू नका. आवाज खूप झाला एवढं आठवतं.

त्यानंतर बारा वर्षं माझ्यावर डोकी बसली. उंदीर, बगळा, डुक्कर, एक खडूस मास्तर. चार महिने शाळेत गणपती आणि आठ महिने बाहुल्या. वाडीतल्या चार बायका शिवायला यायच्या. सगळ्यांचा रंग माझ्यावर सांडला, सगळ्यांची खळ माझ्यावर सुकली. पेपरवाल्याने भाईंचा उंदराबरोबर फोटो काढला. त्यात मी आहे, अर्धा.

पुढे फोम आला. फोमच्या बाहुल्या लवकर व्हायच्या, पण आमच्या दमट हवेत दोन वर्षांत त्यांचा भुगा व्हायचा. मग एक दिवस ओमकार स्वतः आला. चहा तसाच ठेवून बसला.

"आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, भाई."

"म्हणजे आत हात घालूक नको?"

"नको."

"बरा झाला. हात तरी दुखाचो नाय," भाई म्हणाले. आणि उठून बाहेर गेले.

उरलेल्या बाहुल्या खताच्या पोत्यात भरल्या. सळई काढून मलाही त्यांच्यात टाकलं. माझ्यावर डुक्कर पडलं होतं, तेही भुगा होत होतं. सहा वर्षं आम्ही तसेच.

यंदा आषाढात फोन आला. गौरजाचा, दत्तप्रसादांची ती मुलगी. तिची बँकेतली बदली कुडाळला झाली, तिने घर उघडलं. "यंदा गणपती आणायचाय. रविवारी मूर्तीचं सांगायला येते. बाबा म्हणतात पाट तुमच्याकडेच आहे. आहे ना?"

"आसा," भाई म्हणाले.

फोन ठेवला आणि बाळा सुताराकडून फणसाचा नवा पाट करून आणला. मग पोत्याच्या फाटक्या भागातून मी बघत राहिलो. टीव्हीच्या कामात भाई एक गोष्ट शिकले होते, नवी वस्तू जुनी कशी दाखवायची. चहाचं पाणी, काजळी, तेल. लाल रंगात नाव लिहून पॉलिश पेपरने अर्धं घासलं. तापवलेल्या पळीने कोपऱ्यावर डाग काढला, बोराएवढा. शेवटी माझ्यापेक्षा तोच जास्त मी दिसायला लागला.

"सांगान टाका तिका," काकी म्हणाल्या.

"काय सांगू? देवाच्या पाटार डुक्कर बसवलंय म्हणान?"

रविवारी गौरजा आली. पाट मांडीवर घेतला, डागावर बोट फिरवलं आणि वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, डाग आहे."

फोनमधून दत्तप्रसाद म्हणाले, "भाई, चोवीस वर्सां सांभाळलास रे. आमच्या बापाशीचो फणस."

भाईंनी मान वर केली.

"अवो, छताकडे काय बघतास?" काकी म्हणाल्या. "समोर बघा."

भाईंनी समोर बघितलं. मग उठले.

"थांब गो बाय. तो तुझो न्हय."

पोतं उपडं केलं. डुकराचा भुगा पडला, मागोमाग मी. भाईंनी सगळं सांगितलं, भोक, सळई, चहाचं पाणी. काही सोडलं नाही. गौरजा माझ्या भोकाच्या कडेने बोट फिरवत होती.

"टीव्हीवर रविवारी लागायचा, तो उंदीर? याच्यावर झाला?"

"तोच."

मला वाटलं आता हसेल. नाही हसली.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलंच नसतं."

"म्हणानच सांगूक व्हया होता."

"राग आलाय मला," ती म्हणाली.

फोन अजून चालूच होता. त्यातून दत्तप्रसाद म्हणाले, "आमी तरी खंय इलंव इचारूक? भोक बुजव भाई. मूर्ती तेच्यावरच होऊंदे."

गौरजाने मला भाईंच्या हातात दिलं. "हाच," एवढंच म्हणाली आणि गेली.

भाईंनी नव्या पाटाचा तुकडा कापला, तासून गोल केला आणि माझ्या भोकात ठोकून बसवला. तो पिवळाधमक दिसतो, माझ्यात अजिबात मिसळत नाही. भाईंनी त्याला चहाचं पाणी लावलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं काही कोणाकडे राहिलं असेल तर एकदा विचारायला जा. वस्तू धड असेल असं नाही. पण तुम्ही गेलात तर तिथल्या माणसाला समोर बघून खरं सांगायला तरी मिळेल. तोही थकलेला असतो.

आता माझ्यावर माती चढलीय. ओली आहे, जड आहे. उंदीर अजून व्हायचाय. तो वरच बघणार आहे.