धनश्रीचे बारा शब्द

भरदुपारी घर निजलेलं असताना पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खडखडलं. शेजारी झोपलेल्या माझ्या लेकीनं, राजनंदिनीनं नुसती कूस बदलली. मेसेज धनश्रीचा, माझ्या नणंदेचा होता : "वहिनी, वॉलेट रिकामं झालंय. कागद तुझ्याजवळच हाय ना?"

कागद माझ्याजवळच होता, साड्यांच्या घडीत.

अंबाजोगाईला नर्सिंगच्या होस्टेलवर जाताना तिनं तो माझ्या हाती दिला होता. आमच्याकडं नणंदेचं कानातलं, मार्कशीटा वहिनीच्याच कपाटात राहतात, तसाच हा बारा इंग्रजी शब्दांचा कागद. ती बाहेरच्या देशातल्या लोकांना चित्रं काढून द्यायची. ते डिजिटल नाण्यांत पैसे द्यायचे, ती फोनमधल्या वॉलेटात जमायची. "हे शब्द म्हणजे किल्ली," ती म्हणाली होती. "कुणाला सांगू नको. इथं गेलेलं परत आणून द्यायला बँक न्हाई." त्यातून ती शेवटच्या वर्षाची फी भरणार होती, भावाला न मागता.

आणि मी? काल बायकांच्या ग्रुपवर एक ॲप आलं, तुमचं वॉलेट मराठीत बघा म्हणून. वाटलं, आपणच तिला फोन करून सांगू, तुझं एवढं जमलंय बघ. "वहिनी, तुला बी कळतंय की!" एवढं तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ॲपनं लिहिलं, ताई, बारा शब्द इथे भरा. ताई म्हणलं त्यानं. मी बोट ठेवून एकेक शब्द भरला.

मी धनश्रीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"मराठीत दिसलं का मग?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"चांगलं दिसलं असन." ती हसली आणि हसताहसताच रडली. मग नाक ओढून म्हणाली, "भाऊला तुझं नाव सांगू नको. त्यो तुला जन्मभर ऐकवन. माझ्या हातून गेलं म्हणते मी. मला चार दिवस बोलन, इसरन."

नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं."

संध्याकाळी हे दुकानावरून आले. धनश्रीचा फोन आलाच. मी आत भाकरी थापत होते.

"शिकलेली म्हणवतेस ना?" ह्यांचा आवाज चढत गेला. "कुण्या ॲपला किल्ली दिलीस? घरात तुझी वहिनी हाय, दहावी झालेली, ती बी असं करणार न्हाई!"

माझा हात परातीतच राहिला. दार दोन पावलांवर होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं, तिनं नाही, मी. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी मी उठले नाही.

राजनंदिनी बाहेरून पळत आली, माझ्या पाठीला बिलगली आणि कानाशी हळूच म्हणाली, "आई, आत्यानं काय केलं?"