ऐकत नाई

दीपालीनं भुऱ्याचा वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. पांढरा पडलेला ठसा पुन्हा गुलाबी झाला. अकरा वर्षांच्या गावठी कुत्र्याच्या मानानं ठीकच म्हणायचं.

"दात नोका पाहू, मॅडम," मुखरू म्हणाला. "सुई द्या अन् मोकळा करा त्याले."

तो नेहमीसारखाच मोठ्यानं बोलला, नदीपल्याडच्या माणसाशी बोलावं तसा. दीपालीचा हात कुत्र्याच्या तोंडाशीच थांबला.

जंगलाकाठच्या गावांतल्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी तिनं मंगळवार राखून ठेवला होता. गाय-बैल आजारी पडले की लोक धावत येतात. कुत्रा मात्र मरेपर्यंत त्यांच्या लेखी ठणठणीतच असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी दात, डोळे, छाती, सांधे तपासायचे आणि कार्डावर पुढची तारीख लिहायची. गुरांच्या दवाखान्यातला शिपाई पत्रू या दिवसाला डोकऱ्यांचा, म्हणजे म्हाताऱ्यांचा, बाजार म्हणायचा. सुरुवातीला कोणी फिरकत नव्हतं. मुखरू आणि त्याची बायको मंगली हे पहिल्या चार-पाचांतले.

मागच्या खेपेला, दिवाळीनंतर, मंगलीबाईच सगळं बोलली होती. दीपालीनं काही सांगितलं की ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहायची आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणायची. "कोंबडीचे हाडं देऊ नोका म्हनते. समजलं का?" म्हातारा मान डोलवायचा. बाई भारीच कारभारीण दिसते, असं दीपालीला वाटलं होतं आणि गालातल्या गालात हसूही आलं होतं.

चैत्रात मोहफुलं वेचताना वाघानं मंगलीला नेलं. त्याला दीड महिना झाला.

आज म्हाताऱ्याबरोबर सून आली होती, दुर्गा. नवरा माजरीला कोळशाच्या खाणीत, त्यामुळे गाडी तीच चालवायची. मागं सासरा, दोघांच्या मधे कुत्रा. पण कुत्र्याला गाडीवर चढवलं तिनं, उतरवलंही तिनंच. मुखरूनं त्याला बोट लावलं नाही. कुत्र्याला टेबलावर घेतानाही तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"आजारी नाही तो, भाऊ," दीपाली म्हणाली. "सुई कशाला?"

मुखरू तिच्या ओठांकडे बघत होता.

"भुकला नाई," तो म्हणाला. "वाघ आला, तवा भुकला नाई. वीस पावलांवर होतो मी, मॅडम. वाकून फुलं वेचून राह्यलो होतो. हा तिच्याजवळ होता. एकडाव भुकला असता तं कुऱ्हाड घेऊन धावलो असतो. मान वर केली तं नुसती टोपली पडून होती."

 भुऱ्या टेबलावर मान टाकून धापत होता.

"तिच्या हातची भाकर खाल्ली यानं अकरा वरसं. अन् तवापासून तं भुकतच नाई. तोंड उघडते, जांभई देल्यावानी. असा कुत्रा काय कामाचा?"

एवढं बोलून तो खिडकीकडे वळला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसू लागला.

दीपालीनं कुत्र्याचा घसा चाचपला. सूज नव्हती, गाठ नव्हती. तेवढ्यात ओसरीवरून कुणाची तरी शेळी दारात आली आणि तिनं आत डोकावलं. भुऱ्यानं मान ताठ केली आणि तो भुंकला, एकदा नाही, चांगला चार-पाचदा. वरचे पत्रे घुमले. औषधांच्या कपाटाशी उभा असलेला पत्रू दचकला आणि दीपालीच्या कानाला दडे बसले. शेळी केव्हाच पळून गेली होती.

मुखरूनं सावकाश तोंड पुसलं, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि मग तो वळला.

"बोला ना, मॅडम," तो म्हणाला. "काऊन भुकत नाई तो?"

 दीपालीनं दुर्गाकडे पाहिलं. दुर्गा सासऱ्याच्या मागं उभी होती. तिनं आवाज काही खाली आणला नाही.

"त्या दिवशी बी भुकला होता, मॅडम. मी नाल्यापल्याड होती. लय भुकला. मी धावत येईपर्यंत भुकतच होता."

मुखरू हातभर पुढं उभा होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"तुम्हाला कानांचं माहीत नव्हतं?" त्याला ओठ दिसू नयेत म्हणून दीपालीनं कुत्र्यावर वाकून विचारलं.

"सासूबाई होती तवा समजलंच नाई. डोकरा कोणाचं ऐकत नाई, ऐकत नाई म्हनून सारं गाव हासत होतं. मी बी हासत होती." दुर्गानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता कोन सांगन त्याले? सांगतलं तं जगन का तो?"

दीपालीनं हात धुतले. हातांना काही लागलं नव्हतं, तरी दोनदा साबण लावला. नऊ वर्षांच्या नोकरीत तिनं एकाही जनावराचं खोटं निदान केलं नव्हतं. टेबलावरचा जीव वाचवायचा तर भिंतीशी उभा असलेला मारावा लागणार, एवढंच तिला दिसत होतं, आणि दोन्हीही तिला नको होतं.

ती मुखरूच्या समोर जाऊन उभी राहिली, मंगली राहायची तशी. त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"घसा गेला आहे त्याचा. वय झालं. भुकायला जातो, पण आवाज निघत नाही."

मुखरूला हे समजायला वेळ लागला.

"म्हंजे त्या दिवशी तो भुकला असन?"

"भुकला असेल. आवाजच निघाला नसेल, तर तुम्हाला कसं कळणार?"

"म्हंजे त्याचा दोष नाई."

"नाही," दीपाली म्हणाली. "कोणाचाच नाही."

म्हातारा टेबलाजवळ आला. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. भुऱ्याची शेपटी टेबलावर आपटू लागली. मुखरूचा चेहरा एकदम सैल पडला.

"नोको सुई," तो म्हणाला. "मी उगाच... चाल रे बावा, घरी चाल."

दुर्गा पुढं झाली, पण त्यानं तिला बाजूला सारलं. कुत्र्याला त्यानं स्वतःच उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि तो दाराबाहेर पडला.  दीपाली कार्डावर कार्तिकातली तारीख लिहायला बसली. खोटं बोलल्याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

कार्ड घेऊन ती ओसरीवर आली, तेव्हा मुखरू अंगणात मधोमध थांबला होता.

मघाचीच शेळी कडुलिंबाखाली पाला खात होती आणि भुऱ्या त्याच्या मिठीतून तिच्यावर भुंकत होता. प्रत्येक भुंकण्यासरशी म्हाताऱ्याचा सदरा छातीवर हलत होता. त्यानं मान खाली घालून कुत्र्याच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग शेळीकडे पाहिलं. शेळी कान उभारून पळत सुटली होती. ओसरीवर पत्रू कानांवर हात ठेवून उभा होता. मुखरूनं पाहिलं तसे त्यानं ते घाईघाईनं खाली घेतले.

मुखरू दुर्गाकडे वळला.

"तुले आलं होतं ऐकू?" त्यानं विचारलं. यावेळी तो मोठ्यानं बोलला नाही.

दुर्गानं त्याच्या समोर जाऊन काहीतरी सांगायला हवं होतं. ती जागची हलली नाही. तिनं नुसती मान डोलावली.

 म्हातारा गाडीवर बसला, कुत्र्याला मधे घेतलं. दुर्गानं गाडी सुरू केली. फाटकाबाहेर रस्त्यावर शेळ्यांचा कळप चालला होता आणि भुऱ्या पार वळणापर्यंत त्यांच्यावर भुंकत गेला. मुखरूचा तळवा त्याच्या गळ्यावर होता. तो त्यानं उचलला नाही.